आभारपत्रांचे वाङ्मय

मिशनच्या शाळेतील एखाद्या गरीब मुलाचे 'पालकत्व' दूरदेशीच्या देणगीदाराने पत्करावे, दरमहा ठरावीक रक्कम पाठवावी आणि त्या बदल्यात त्याला मुलाचे छायाचित्र, अभ्यासातील प्रगतीचा गोषवारा व वर्षाकाठी काही पत्रे मिळावीत, अशी एक योजना जगभर रूढ आहे. आपल्याकडे तिच्यावर वाद होतो तो एकाच प्रश्नावरून: या पैशाने धर्मांतर होते की नाही? एक पक्ष मिशनऱ्यांच्या हेतूंची झडती घेतो, दुसरा त्यांच्या सेवेचे दाखले देतो. या गदारोळात त्या मुलाकडून जे लिहून घेतले जाते, ते मात्र कोणी वाचत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तरी ते वाचावे. आमचे म्हणणे असे की, या योजनेतील पैशाला आमचा विरोध नाही. पत्राला आहे, आणि ते बंद झाले पाहिजे.

पैशाविषयी प्रथम. परक्या देणगीवर चाललेल्या मिशन-शाळांचे ऋण महाराष्ट्राने नाकारू नये. १८२७ मध्ये मुंबईत उतरलेल्या सिंथिया फॅरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालविल्या आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अलीकडचा पुरावाही आहे. चर्चमार्फत चालणाऱ्या अशाच एका योजनेचा भारतासह सहा देशांतील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेऊन केलेल्या या अभ्यासात लाभार्थ्यांचे शालेय शिक्षण सुमारे एक ते दीड वर्षाने वाढलेले आढळले. गरिबाच्या घरी दीड वर्षाची शाळा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ती देणाऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवून ती हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आता पत्र. त्याचा साचा ठरलेला असतो. आरंभी अभिवादन, मग आवडता रंग, आवडता खेळ, परीक्षेचे वर्तमान, घरच्यांची खुशाली, आणि शेवटी आभार व देणगीदारासाठी प्रार्थना. पत्र संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या नजरेखालून जाते, त्याचे भाषांतर होते, मग ते परदेशी पोहोचते. गुरुजी मारतात, प्रार्थनेत मन लागत नाही, वसतिगृहातील भाजी खाववत नाही, असे या पत्रात येऊ शकत नाही. आपली फी ज्याच्या प्रसन्नतेवर अवलंबून आहे त्यालाच आपण लिहीत आहोत, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळते. ज्या वयात भाषा स्वतःची होऊ लागते, त्याच वयात ती दुसऱ्याला खूश ठेवण्यासाठी असते, असा धडा त्याला मिळतो. आम्ही वर्गात मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणून विनवतो. इकडे मात्र असे लिहिणे परवडणारे नसते.

या पत्रव्यवहाराची गरज नेमकी कोणाला आहे, हे 'अबाउट श्मिट' (२००२) या अमेरिकी चित्रपटाने चांगले दाखविले आहे. निवृत्त, एकाकी श्मिट टांझानियातील सहा वर्षांच्या एन्डुगूला आपल्या संसाराची सारी कैफियत लिहून कळवतो. देणगीदाराला मन मोकळे करण्याची मुभा आहे; मुलाकडून अखेरीस येते ते एका जोगिणीने लिहिलेले पत्र आणि सोबत एक चित्र.

उपकृताने उपकारकर्त्याला लिहिलेले खरे पत्र कसे असते, हे पाहायचे तर मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या आश्रयाने राहिल्या. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई वाद घालतात, धर्मतत्त्वांवर शंका घेतात, पाद्री आणि बिशप यांचा शब्द मुकाट मानण्यास नकार देतात. क्रूसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत असा आग्रह धरतात. सिस्टर जेराल्डिन यांनीच जपलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. त्यांत कृतज्ञता आहे आणि भांडणही आहे. म्हणूनच त्या पत्रांमागे एक माणूस उभा दिसतो. अर्थात रमाबाई प्रौढ होत्या, पंडिता होत्या. आठ वर्षांच्या मुलाजवळ हे बळ कोठून असणार?

कोणी म्हणेल, मूल ते मूल, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षावे? त्यावर १८५५ च्या 'ज्ञानोदया'कडे बोट दाखवितो. जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध अमेरिकन मिशनच्या या पत्राने छापला. इंग्रजी अमलाविषयी त्यात कृतज्ञता नाही असे नव्हे. पण निबंधाचा प्राण आहे तो जाब विचारण्यात: पेशवाईतील जुलमाचा, वेदांचा अधिकार नाकारणाऱ्यांचा, आणि मग आमचा धर्म कोणता, या प्रश्नाचा. हा प्रश्न धर्मप्रचारासाठी निघालेल्या पत्राने छापला, हे त्या मिशनऱ्यांच्या खाती जमा धरले पाहिजे. पण आजच्या योजनेतील आवडत्या रंगाच्या रकान्यात असा प्रश्न मावत नाही.

यावर व्यवहारी उत्तर ठरलेले असते: चेहरा आणि पत्र नसेल तर लोक पैसा देत नाहीत. पण चेहऱ्याचा हा व्यवहार कितपत खरा आहे? 'शिकागो ट्रिब्यून'ने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधमालिकेत, मूल मृत्यू पावल्यानंतरही त्याच्या नावाने देणगी चालू राहिल्याचे उघड झाले होते. अनेक मोठ्या संस्था तर स्वतःच सांगतात की, पैसा एकत्र करून साऱ्या वस्तीवर खर्च होतो. म्हणजे चेहरा एकाचा, खर्च सर्वांचा, आणि आभार मात्र त्या एकाने मानायचे! शिवाय हे 'नाते' किती तकलादू असते, तेही आपण पाहिले. सरकारी निर्बंधांमुळे कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेने मार्च २०१७ मध्ये भारतातील काम थांबविले, तेव्हा सुमारे दीड लाख मुलांचे हे पत्रव्यवहार तुटले. निर्बंध योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वाद आहे. पैशाची वाट बंद होताच ज्याला नाते म्हणत होतो तेही संपले, एवढे त्यातून निश्चित दिसले.

हा दोष एकट्या मिशनांचा मानून कोणी समाधान करून घेऊ नये. आपल्याकडील दत्तक-पालक योजना, जातिसंस्थांची वसतिगृहे, परदेशस्थ मराठी मंडळींचे शिक्षणनिधी यांनीही ही रीत उचललेली दिसते. गणवेश वाटताना काढलेले छायाचित्र आणि 'मी आपला ऋणी आहे' हे फळ्यावरून उतरवून घेतलेले वाक्य यांस कोणत्याच धर्माचे वावडे नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. देणगी शाळेला वा वर्गाला द्यावी, मुलाच्या नावाने नव्हे. हिशेब मुख्याध्यापकांनी आणि संस्थेने द्यावा. तो देण्यासाठी पगारी माणसे आहेत. मुलाचे छायाचित्र मागू नये, पत्र मागू नये. आमच्या वाचकांपैकी जे अध्यापक आहेत, त्यांच्याकडे अशी पत्रे लिहवून घेण्याचे काम आले तर त्यांनी ते नाकारावे आणि तो तास मुलांना निबंधासाठी द्यावा. निबंधात मुले काय लिहितील हे आधी ठरवून देऊ नये, आणि जे लिहितील ते देणगीदाराकडे पाठवू नये.