बिनकुलपाचं कपाट

दुसऱ्याच्या हाती गेलेलं पुस्तक आणि दुसऱ्याच्या हाती गेलेला पैसा, दोन्ही गेलेच समजावेत, अशा अर्थाचं एक संस्कृत सुभाषित आहे. पैशाबद्दल माझं सुभाषितकाराशी भांडण नाही. मी बी.कॉम. झालेला आणि बावीस वर्षं बँकेच्या खिडकीमागे बसलेला माणूस आहे. गेलेला पैसा किती आढेवेढे घेत परत येतो ते रोज पाहतो. पण पैसा आणि पुस्तक त्याने एकाच दावणीला बांधले, तिथे त्याचं चुकलं. आणि आमच्या गल्लीतले समस्त हितचिंतक आजही तीच चूक मोठ्या उत्साहाने करत आहेत.

सांगायचं कारण, ठाण्यात आमच्या गल्लीत, सोसायटीच्या फाटकाबाहेर, इस्त्रीवाल्याच्या टपरीला लागून एक जाळीचं कपाट उभं आहे. पूर्वी एका स्वयंपाकघरात ते दूध-दही मांजरापासून सांभाळत असे. आता त्यात पुस्तकं असतात आणि ती कुणापासूनच सांभाळली जात नाहीत. ‘एक न्या, जमलं तर एक ठेवा’ एवढाच नियम दारावर रंगवलाय. कुलूप नाही, रजिस्टर नाही, वर्गणी नाही. व्यवस्थापक मीच. काम म्हणाल तर पावसाळ्यात प्लॅस्टिक बांधायचं, रविवारी धूळ झटकायची आणि बाराही महिने सल्ले ऐकायचे.

कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बोल नावाच्या गृहस्थाने २००९ साली आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीसाठी शाळेच्या आकाराची एक पेटी बनवली आणि पुस्तकं भरून अंगणात ठेवली. आज तशा पेट्या जगभरात लाखाच्या वर आहेत. त्या बिचाऱ्याला आमच्यासारखी सोसायटी नसावी.

“अहो, कुलूप घाला.” “नाव, पत्ता, आधार कार्डाची झेरॉक्स घ्या.” “शंभर रुपये अनामत ठेवा, मग बघा पुस्तकं कशी परत येतात!” या शेवटच्या सूचनेला सभेत टाळ्या पडल्या. पुढच्या सभेत ठरावच येणार आहे : कुलूप आणि अनामत, नाहीतर कपाट हलवा. म्हणून हा लेखनप्रपंच.

अनामत घेतली तर पुस्तकं परत येतील, मान्य. येणार नाहीत ती माणसं. इस्त्रीवाल्याची आठवीतली मुलगी येणार नाही. रात्रपाळीचा वॉचमन येणार नाही. चार घरचा स्वयंपाक उरकून जाताना मुलासाठी गोष्टींचं पुस्तक पिशवीत टाकणाऱ्या बाई येणार नाहीत. ज्याला शंभर रुपये जड नाहीत, त्याला या कपाटाची फारशी गरजही नाही. आणि ज्याला गरज आहे, त्याच्यापुढे रजिस्टर सरकवलं की तो म्हणतो, “नको साहेब, सहज बघत होतो.” हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. खिडकीतून फॉर्म पुढे केला की अर्धी माणसं याच आवाजात मागे सरतात. बँकेला ते करावं लागतं, कारण पैसे लोकांचे आहेत. जाळीच्या कपाटाला कशाला हवंय हे सोंग?

नोंदी ठेवणारं ग्रंथालय हवंच असेल, तर ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथे नोंदी हव्यातच. पिढ्यांचा ठेवा सांभाळायचाय. आमचं कपाट म्हणजे पाणपोई. पाणी पिऊन निघालेल्या वाटसरूला “परत कधी आणून देणार?” असं कुणी विचारतं का?

“पण लोक रद्दीत विकतात त्याचं काय?” हाही एक हुकमी प्रश्न. एका कादंबरीचे रद्दीच्या भावाने जे येतात त्यात अर्धा कप चहा जेमतेम बसतो. अर्ध्या कपासाठी ज्याला पुस्तक उचलावं लागतं, त्याच्यावर कुलूप घालायचं की त्याला उरलेला अर्धा कप पाजायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं. माझ्या कपाटाचा कायदा उलटा आहे. जे पुस्तक नव्वद दिवस जागचं हललं नाही, ते अनुत्पादक. जे गेलं आणि आलंच नाही, ते नफ्यात. हे काही मी पदरचं सांगत नाही. मद्रासला गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झालेले रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच असा की, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. गणिताच्या माणसाने केलेला हिशेब आहे. कमिटीने एकदा ताळा करून पाहावा.

कपाट खरं रिकामं होतं ते नेणाऱ्यांमुळे नव्हे, देणाऱ्यांमुळे. ‘दान’ म्हणून काय काय येतं म्हणता? अभ्यासक्रम बदललेली गाइडं, २००६ सालचं पंचांग, पहिली चाळीस पानं नसलेली रहस्यकथा आणि शेवटची चाळीस नसलेली दुसरी. रद्दीवाल्याने जे उचललं नाही ते आमच्या दारात येतं, आणि वर देणारा विचारतो, “पावती मिळेल का?” चांगली पुस्तकं मात्र घरोघरी दिवाणखान्याच्या काचेआड, पाहुण्यांकडे पाठ करून उभी. बँकेत दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव निदान रिझर्व्ह बँकेच्या निधीत तरी जमा होते. काचेआडच्या पुस्तकांना तेवढाही वाली नाही.

तेव्हा सभासदहो, ठरावच करायचा तर असा करा : प्रत्येक घरातून एक पुस्तक यावं, आणि ते देताना थोडं तरी जिवावर यावं. जिवावर न येणारी पुस्तकं रद्दीवाल्याकडे द्या, तो वजन करून पैसे देईल. आणि कुलूप विकत घेतलंच असेल, तर ते वाया जायला नको. सोसायटीच्या सूचनापेटीला लावा.