स्वस्त सायक्लोक्रॉसच्या बाजूने

एकच सायकल घ्यायची आहे आणि पैसे मोजके आहेत. तिने रोजचे कामावर जाणे-येणे निभवावे, रविवारी घाट चढावा, पावसाळ्यात चिखलाचा रस्ता लागला म्हणून अडू नये, आणि मागे सामान बांधून दोन दिवसांच्या प्रवासालाही चालावे, अशी अपेक्षा आहे. ड्रॉप हँडल, जाड टायर आणि मजबूत ब्रेक असलेली सायक्लोक्रॉस या अपेक्षेत नेमकी बसते. तरीही चौकशी करणाऱ्याला दोन मते हमखास ऐकावी लागतात. एक मत असे की चांगली सायक्लोक्रॉस महागच असते, कमी पैशात मिळते ती नावापुरती. दुसरे असे की ग्रॅव्हल सायकली आल्यापासून सायक्लोक्रॉसचे दिवस संपले. दुसऱ्या मतात थोडे तथ्य आहे, त्याचा विचार पुढे करू. पहिले मत मात्र मुळातच उलटे आहे. अनेक कामांना उपयोगी पडणे हाच निकष असेल, तर किमतीच्या यादीत खालच्या अर्ध्या भागातली सायक्लोक्रॉस वरच्या टोकाच्या सायकलीपेक्षा सरस ठरते. ती परवडते हा तिचा जादा गुण.

याचे कारण ही सायकल ज्या शर्यतीच्या खेळातून आली, त्या खेळातच आहे. सायक्लोक्रॉस हा खेळ फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला. १९०२ मध्ये तिथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० मध्ये पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि ती झाँ रोबिक यांनी जिंकली. आज या खेळाचे घर म्हणजे बेल्जियममधला फ्लँडर्स. ऐन हिवाळ्यात चिखल, वाळू आणि निसरड्या गवताच्या उतारांवरून फेऱ्या मारायच्या; वाटेत ४० सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या आल्या की उतरायचे, सायकल उचलायची, धावायचे आणि पुन्हा खोगिरावर बसायचे. पुरुषांची वरिष्ठ गटातली शर्यत साधारण तासाभरात आटोपते. सायकल चिखलाने जड झाली की स्वार पिटमध्ये शिरून दुसरी घेतो आणि मदतनीस पहिली धुऊन तयार ठेवतात. केवळ एवढ्याच कामासाठी घडवलेल्या सायकलीतून काय काय वगळले जाईल, हे यावरून सहज कळते. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्याचे आटे अनेकदा नसतात, कारण शर्यतीत त्यांचे काम नाही. सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमानुसार टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, म्हणून फ्रेमही त्याच मापाभोवती आखलेली असते. टायर रिमला डिंकाने चिकटवलेले असतात. त्यांची पकड उत्तम, पण ते रस्त्यात पंक्चर झाले तर एकट्या माणसाने काय करायचे? शर्यतीत पिट असते. कामावर जाणाऱ्याला पिट नसते.

कारखानदार जेव्हा याच आकाराची सायकल सामान्य ग्राहकासाठी बनवतो, तेव्हा वगळलेल्या सगळ्या गोष्टी परत येतात. ब्रिटनमध्ये हे स्पष्ट दिसले. तिथे नोकरदाराला पगारातून कापून, करात सवलत मिळवून सायकल घेता येते अशी योजना आहे, आणि २०१९ पर्यंत बहुतेक कंपन्यांसाठी तिची मर्यादा व्यवहारात १,००० पौंडांची होती. त्यामुळे त्या किमतीच्या आतबाहेर सायकलींची दाटी झाली आणि त्यात सायक्लोक्रॉस ठळकपणे होत्या. त्या विकत घेणाऱ्यांपैकी शर्यतीत उतरणारे थोडेच असणार, हे बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर दोन बाटल्यांची सोय आली, मडगार्ड-कॅरिअरचे आटे आले, आत ट्यूब असलेले साधे टायर आले, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आले. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीची पोलादी ‘क्रॉस-चेक’ हे याच विचाराचे टोकाचे उदाहरण. नाव शर्यतीचे, पण तिच्यावर लोकांनी सामान लादून लांबचे प्रवास केले आणि ती दोन दशकांहून अधिक काळ विकली गेली. ही सगळी सोय स्वस्त सायकलीत आहे आणि महागड्या शर्यती सायकलीत नाही. जास्त पैसे मोजून ती सोय गमावायची, याला चांगला सौदा म्हणता येणार नाही.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप गिअरसंचाचा असतो. स्वस्त सायकलीवर शिमानोचा क्लॅरिस किंवा सोरा असतो, म्हणजे मागे आठ किंवा नऊ चकत्या. निदान शिमानोचाच वरच्या दर्जाचा १०५ तरी हवा, असे ते सांगतात. १०५ जास्त सफाईने गिअर बदलतो आणि त्याचे लिव्हर हाताला अधिक चांगले लागतात, हे मान्य. पण चढण चढवतो तो दातांचा हिशेब. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले, की पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते. ३५ मिलिमीटरचा टायर धरला तर सायकल सुमारे २.१७ मीटर पुढे जाते. हे जुळवणे सध्याच्या क्लॅरिसवरही जमते आणि १०५वरही. घाटातला शेवटचा गिअर दोघांचा एकच. फरक पडतो तो दोन गिअरमधल्या अंतरात. याउलट शर्यतीसाठी पुढे ४६ आणि ३६ दात देण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात मागे ३२ दात असतील तर तोच फेरा २.४५ मीटरचा होतो. मिनिटाला ६० फेरे टिकवायचे असतील तर पहिल्या सायकलीवर ताशी ७.८ किलोमीटर पुरतात, दुसरीवर ८.८ लागतात. सह्याद्रीतल्या एखाद्या उभ्या चढावर, दमलेल्या पायांना, या एका किलोमीटरचा फरक उतरून चालण्याइतका मोठा असतो. म्हणून ग्राहकाने गिअरसंचाचे नाव विचारण्याआधी दात मोजावेत. सपाटीवर ४६ दात कमी पडतील ही भीती मात्र निराधार आहे. मागे ११ दात असताना, मिनिटाला ९० फेऱ्यांनी ती सायकल ताशी ४९ किलोमीटर जाते. कामावर जाताना एवढा वेग कुणाला लागतो?

गिअरसंचाविषयी आणखी एक गोष्ट, जी दुकानात क्वचितच बोलली जाते. चेन आणि चकत्या झिजण्यासाठीच असतात. पावसाळ्यातल्या चिखल-वाळूत त्या लवकर झिजतात, मग संच कोणताही असो. आठ गिअरची चेन असंख्य साध्या गिअरच्या सायकलींना लागते, म्हणून ती स्वस्त असते आणि लहान गावातही मिळण्याची शक्यता बरीच असते. अकरा किंवा बारा गिअरची चेन आणि कॅसेट दरवर्षी बदलण्याचा खर्च मोजक्या पैशातल्या माणसाने आधीच मनात धरला पाहिजे. गिअरसंच पुढे कधीही बदलता येतो, फ्रेममध्ये नसलेली जागा आणि नसलेले आटे मागाहून आणता येत नाहीत. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार एवढाच आहे.

वजनाचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. ७० किलोचा स्वार ११ किलोच्या सायकलीऐवजी १० किलोच्या सायकलीवर बसला, तर चढावर उचलायचे एकूण ओझे सव्वा टक्क्याने कमी होते. तासाभराच्या चढणीत फार तर पाऊण मिनिट वाचेल. शर्यतीत पाऊण मिनिट मोलाचे असते, हे खरे. पण महाराष्ट्रात अनेकजण ज्या ब्रेव्हे नावाच्या, वेळेचे बंधन असलेल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतात, तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी जेमतेम १५ किलोमीटर. तिथे माणूस माघार घेतो तो दुखणाऱ्या पाठीमुळे, बधिर झालेल्या हातांमुळे आणि पंक्चरमुळे. या तिन्हींवर रुंद टायर हा चांगला उपाय आहे. २८ मिलिमीटरऐवजी ३५चा टायर घातला तर रुंदी सव्वापट होते, पण आतला छेद दीडपटीहून मोठा होतो. तेवढी जास्त हवा मावल्याने दाब कमी ठेवता येतो, रिम खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब चिमटण्याचा धोका घटतो आणि हातांना बसणारे धक्के मऊ होतात. एक किलोसाठी जे पैसे मोजायचे, त्यांच्या थोड्याशा भागात उत्तम टायरची जोडी येते.

आता ग्रॅव्हलचा मुद्दा, कारण खरा वाद इथे आहे. ग्रॅव्हल सायकलीत ४० ते ५० मिलिमीटरचे टायर मावतात, बॉटम ब्रॅकेट (पायडलचा धुरा बसतो ती जागा) खाली असतो, दोन चाकांतले अंतर जास्त असते, म्हणून ती खडबडीत उतारावर अधिक स्थिर वाटते. सायक्लोक्रॉसचा बॉटम ब्रॅकेट चाकांच्या मध्यरेषेपासून साधारण ६० ते ६५ मिलिमीटर खाली, ग्रॅव्हलचा ७० ते ७५ किंवा त्याहून खाली. म्हणजे सायक्लोक्रॉसवर माणूस थोडा उंच बसतो आणि सिग्नलला पाय टेकताना ते जाणवते. ज्याचा बहुतेक प्रवास कच्च्या, दगडाळ रस्त्यांवर आहे त्याने ग्रॅव्हलच घ्यावी, यात मला शंका नाही. पण एकच सायकल घेणाऱ्या बहुसंख्यांचा बहुतेक प्रवास डांबरावर होतो. खराब डांबरावर, खोदलेल्या डांबरावर, पण डांबरावरच. तिथे ३५ मिलिमीटरचा टायर पुरेसा आहे आणि सायक्लोक्रॉसचे चटकन वळणे गर्दीत कामी येते. शिवाय एकाच किमतीच्या दोन सायकली शेजारी ठेवल्या तर फरक नावापेक्षा मापात शोधावा लागतो. काही स्वस्त ग्रॅव्हल सायकली ३८च्या पुढे टायर घेत नाहीत, आणि काही सायक्लोक्रॉस फ्रेममध्ये ४० सहज बसतो. फॅशन ग्रॅव्हलकडे वळल्यामुळे वापरलेल्या सायक्लोक्रॉसचे भाव उतरतात, हा तर मोजक्या पैशातल्या ग्राहकाचा थेट फायदा आहे. दिवस संपले असतील तर ते जाहिरातीतले. रस्त्यावर त्या सायकलीचे काही बिघडलेले नाही.

हायब्रिड किंवा पुढे शॉक असलेली माउंटन सायकल सायक्लोक्रॉसहून स्वस्त पडते, हाही आक्षेप ऐकू येतो. रोजच्या पाच-सात किलोमीटरसाठी हायब्रिड उत्तमच. तिथे सायक्लोक्रॉसचा आग्रह धरणे चूक ठरेल. अंतर वाढले की मात्र सरळ हँडलवर हाताची एकच जागा राहते, ड्रॉप हँडलवर तीन-चार मिळतात, आणि समोरून वारा असताना वाकता येते. स्वस्त शॉक जड असतो आणि त्याची देखभाल क्वचितच कुणी करतो.

पैसे नेमके कुठे घालावेत, याबद्दल माझे मत ठाम आहे: फ्रेमनंतर ब्रेक. जागतिक संघटनेने सायक्लोक्रॉसमध्ये डिस्क ब्रेकला २०१० मध्ये परवानगी दिली. त्याआधीच्या सायकलींवर कँटिलिव्हर ब्रेक असत. चिखल अडकू नये म्हणून ते चांगले, पण त्यांची पकड कमी, आणि पुढचा ब्रेक दाबताच फोर्क थरथरण्याची तक्रार जुनी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात रिमवर घासणाऱ्या ब्रेकचा दुसराही तोटा आहे. वाळूमिश्रित पाणी रिमच खाते, आणि रिम गेली की चाक नव्याने विणावे लागते. डिस्क झिजली तर काही स्क्रू काढून नवी बसते. तारेवर चालणारा की तेलावर चालणारा डिस्क ब्रेक, हा प्रश्न बजेटमध्ये फारसा अवघड नाही. तेलाचा ब्रेक हलक्या बोटाने लागतो आणि पॅड झिजले तरी आपोआप जुळवून घेतो. तारेचा हाताने जुळवावा लागतो, पण त्याची केबल कुठेही मिळते. तारेच्या ब्रेकमध्येही टीआरपी स्पायरसारखे दोन्ही बाजूंचे पॅड हलवणारे ब्रेक मिळतात आणि ते नंतर बसवता येतात. मात्र तारेवरून तेलावर जायचे झाले तर बहुधा लिव्हरही बदलावे लागतात आणि खर्च एकदम वाढतो. म्हणून तेलाचे ब्रेक हवेच असतील तर ते सुरुवातीलाच सायकलीवर असावेत.

वापरलेली सायकल पाहताना चाकांच्या एक्सलकडे लक्ष द्यावे. आधीच्या डिस्क सायकलींना मागे १३५ मिलिमीटरचे, झटक्यात सुटणारे एक्सल होते, नंतर १४२ रुंदीचे, १२ जाडीचे आरपार जाणारे एक्सल आले. जुन्या मापाची साधी, टिकाऊ चाके मिळतात, पण चांगली हलकी चाके शोधणे जड जाते. पुढे १५ मिलिमीटरचा आरपार एक्सल असेल तर पर्याय आणखी घटतात. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असेल तर ते पसंतीचे आणखी एक कारण समजावे. दाबून बसवलेला प्रकार नीट बसला नाही तर करकरतो आणि तो काढायला वेगळी हत्यारे लागतात, आट्यांचा मात्र साधा मेकॅनिकही बदलू शकतो. मागच्या त्रिकोणात टायरच्या दोन्ही बाजूंना बोटाने जागा तपासावी. मडगार्ड लावायचे असतील तर ३५च्या टायरभोवती दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर तरी मोकळे हवेत.

आणि माप. सवलतीत एक साइझ मोठी सायकल मिळते म्हणून घेणे हा या व्यवहारातला सर्वांत महाग निर्णय असतो, कारण स्टेम बदलून हँडल थोडे जवळ आणता येते, पण फ्रेम लहान करता येत नाही. सायक्लोक्रॉस आधीच थोडी उंच बसवते, त्यामुळे दोन मापांत मन अडले तर लहान माप घ्यावे, आणि वरची नळी दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहता येते की नाही, हे पैसे देण्याआधी पाहून घ्यावे.