पुंगळी घरी भरू नका. पण काडतूस तरी वेळेवर मिळू द्या!

गेल्या भाताच्या हंगामातली गोष्ट. लोंब्या भरत आलेला आमचा मळा रानडुकरांनी एका रात्रीत लोळवला. सकाळी पंचनाम्याची वाट बघत बांधावर बसलो होतो, तेव्हा वाडीतला एक पोरगा मोबाईल नाचवत आला. "काका, ह्या मशीन बघा. दांडो एकदा ओढलो की एक काडतूस तयार! आजोबांच्या दुनळीची रिकामी पुंगळी घरात पडान आसत. ती आपण भरूया. दुकानात जावक नको, की कोणाचे पाय धरूक नको."

पोरगा हुशार. वायरमनचे काम शिकलेला. त्याला वाटले, काका शाबासकी देतील. मी त्याला शेजारी बसवले आणि आमच्या शेजारघरच्या आबांचा डावा हात आठवतो का, म्हणून विचारले. त्या हाताला तीनच बोटे होती. का, ते पुढे सांगतो. आधी या यंत्राची ओळख करून घेऊ. असले व्हिडिओ आज गावोगाव पोचले आहेत. नुसते "वाईट आहे, बघू नका" म्हणून भागणार नाही.

हे यंत्र अमेरिकेतले. त्याला तिकडे प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. उडालेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा वापरता येते, हे त्यामागचे तत्त्व. जुनी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी मूळ मापात दाबायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी किंवा छर्रे घालून तोंड बंद करायचे. साध्या यंत्रात एका वेळी यातले एकच काम होते. प्रोग्रेसिव्ह यंत्रात एक गोल तबकडी असते. रहाटाच्या पोहऱ्यांसारख्या पुंगळ्या तिच्यावर फिरतात. एकीची टोपी निघत असते, दुसरीत दारू पडत असते, तिसरीचे तोंड बंद होत असते. म्हणून दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस खाली पडते. सरावलेला माणूस तासाला काही शे काडतुसे भरतो.

अमेरिकेत हे बेकायदा नाही. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर लागतो. नेमबाजीच्या स्पर्धांना जाणारे लोक महिन्याला हजारो गोळ्या उडवतात. त्यांना यंत्राचा खर्च परवडतो. टोपी, दारू, छर्रे सगळे दुकानात मिळते. कुठली दारू कुठल्या काडतुसात किती, याची छापील पुस्तके मिळतात.

पण तिथला जाणता माणूस हे यंत्र कसे मांडतो, ते व्हिडिओत नीट दिसत नाही. तो आधी जड, न हलणारे टेबल करतो आणि यंत्र बोल्टने घट्ट आवळतो. टेबल डुगडुगले तर दारूचे मापही डुगडुगते. टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा ठेवतो. यंत्राने टाकलेली दारू नाजूक काट्यावर पुन्हा पुन्हा तोलून बघतो. डोळ्यांवर चष्मा असतो. खोलीत विडी नाही, गप्पा नाहीत. तोंड बंद होण्याआधी प्रत्येक पुंगळीत वाकून बघतो. आणि नवख्याला तिकडचे लोक सांगतात की, बाबा, आधी एका वेळी एकच काम करणाऱ्या साध्या यंत्रावर हात बसव.

इतकी काळजी कशासाठी? मधेच कुणी हाक मारली, दांडा अर्धवट राहिला, की एका पुंगळीत दारू दोनदा पडते किंवा पडतच नाही. दोनदा पडली तर बंदूक फुटू शकते. पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकून बसते, आणि मागून दुसरा बार काढला की नळी फाटते.

आता शेजारघरच्या आबांचा हात. आबांकडे ठासणीची बंदूक होती. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना बंदूक भरणे नवे नाही. नळीत काळी दारू ओतायची, काथ्याचा बोळा सारायचा, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा बोळा, आणि शेवटी टोपी चढवायची. एका पावसाळी रात्री डुकराच्या आवाजाने आबा उठले. संध्याकाळी बंदूक भरून ठेवली होती, हे झोपेत विसरले आणि पुन्हा भरली. बार काढला तो नळी फोडूनच गेला. दोन बोटे गेली, जीव वाचला. म्हणजे अमेरिकेतल्या यंत्राची आणि आमच्या ठासणीची चूक एकच: माप दोनदा पडणे. फरक एवढाच की, ठासणीवाला रात्रीत एकदाच चुकेल. यंत्रावर चुकीचे माप लागले तर भरलेली अख्खी पेटी चुकीची होते.

दुसरी गोष्ट दारूची. ठासणीत काळी दारू चालते. काडतुसात असते ती धूर न करणारी, अगदी वेगळ्या जातीची आणि थोडक्या मापात फार जोर करणारी. ती काळ्या दारूच्या मापाने ठासणीत घातली तर बंदूक हातात बॉम्बसारखी फुटते. आणि आमची पोरे तर फटाक्याची दारू काढून पुंगळीत भरायच्या गोष्टी करतात! तिला ना माप, ना भरवसा.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या सर्वांनी एकदा वाचावी. तिच्यात नुसते काडतूस येत नाही; काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याचे यंत्रसुद्धा येते. म्हणजे परवाना नसताना असले यंत्र परदेशातून मागवले तर एक काडतूस न भरताही माणूस अडकतो. विनापरवाना दारूगोळा तयार करण्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी सात वर्षे कैद आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आजोबांच्या नावची बंदूक पीक संरक्षणासाठी आहे, हे सांगून सुटका होत नाही.

आणि हिशेबानेही बघा. आपला शेतकरी वर्षाला किती बार काढतो? भात पिकताना थोडे, काजूच्या दिवसांत थोडे. त्यातले बरेचसे हवेत, नुसते हुसकावायला. तासाला काही शे काडतुसे पाडणारे यंत्र घेऊन तो करणार काय? त्याला पाहिजेत हातावर मोजण्याएवढी काडतुसे. पण खात्रीची, आणि पीक शेतात उभे असताना.

खरे दुखणे इथेच आहे. पोरगा यंत्राकडे वळला तो हौसेने नव्हे, कंटाळून. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसे घ्यायची ते लिहिलेले असते. त्याबद्दल तक्रार नाही. पण ती घ्यायला गाडीभाडे खर्चून, दिवस मोडून लांबच्या दुकानात जावे लागते आणि तिथे "माल नाही" हे ऐकून परत यावे लागते. बारा बोअरची काडतुसे बाहेरून आणावी लागतात असेही नाही. आपल्याच राज्यात खडकीच्या सरकारी कारखान्यात ती होतात. परवाना आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, वारसाचा अर्ज टेबलावर पडून. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. कोकणात तेव्हा भात कापणीला आलेले असते. डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार?

वास्तविक १९५९ चा कायदा शेतकऱ्याच्या विरोधात नाही. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ठासणी अपुरी पडत असेल तर दुसऱ्या बंदुकीचीही सोय आहे. हेही विसरू नये की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याकडून आणि आधी. गव्याकडे, हत्तीकडे तर बंदूक रोखण्याचा विचारही करू नये.

केरळने यात एक वाट काढली. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने शेतात व वस्तीत घुसणाऱ्या रानडुकरांपुरते अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिले. पंचायतीचा अध्यक्ष परवानाधारक बंदूकवाल्याकडून त्यांचा बंदोबस्त करून घेऊ शकतो. ती पद्धत जशीच्या तशी उचला असे मी म्हणत नाही. पण गावचा निर्णय गावात आणि जबाबदारी ठरलेल्या माणसाची, एवढे तरी घेण्यासारखे आहे.

म्हणून जिल्हा प्रशासनाला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा शिबीर घ्यावे. परवान्यांचे नूतनीकरण, वारसांचे अर्ज आणि जुन्या बंदुकांची जाणत्या कारागिराकडून तपासणी तिथेच व्हावी. दोन, त्याच दिवशी परवानाधारक विक्रेत्याला पोलिसांच्या देखरेखीखाली काडतुसे, टोप्या आणि ठासणीची दारू विकू द्यावी. तीन, २०१६ च्या नियमांत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट आहे. ते प्रशिक्षण तालुक्यातच मिळावे. चार, निवडणुकीत सरसकट बंदुका जमा करू नयेत. ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याचे पीक शेतात उभे आहे, त्याचा वेगळा विचार व्हावा.

पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींनाही एक विनंती आहे. कुणाच्या पडवीत पुंगळ्या साठताना दिसल्या, तर एकदम ठाण्यात खबर देण्याआधी त्या घरच्या बापाला बोलावून समजावा. पोरगा गुन्हेगार नसतो. तो वैतागलेला असतो. ऐकलेच नाही, तर मात्र भीड धरू नका. फुटलेली बंदूक नाते बघत नाही.

आमच्या त्या पोराने आजोबांच्या पुंगळ्या माझ्यासमोर पिशवीत भरल्या आणि वडिलांच्या हवाली केल्या. जाताना एवढेच म्हणाला, "काका, ह्या सोडलंय. पण उद्या रात्री डुकरा इली तर मी काय करू?"

त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी ते पुढच्या भातापूर्वी द्यावे.