ओढ्यातील कोळंबी व फवारणीचे पंप

फवारणीनंतर ओढ्यात मासे तरंगले नाहीत, म्हणजे पाणी निर्दोष राहिले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. आमच्या मते तो चुकीचा आहे. कोळंबी ही मासा नव्हे. किडीप्रमाणेच ती संधिपाद वर्गातील, कात टाकून वाढणारी आहे. साहजिकच जे औषध किडीच्या मज्जातंतूंवर आघात करते, ते तिलाही सोडीत नाही. १ ग्रॅम सायपरमेथ्रिन १० लाख लिटर पाण्यात मिसळले, तर जे प्रमाण होते त्याहूनही सौम्य प्रमाण अनेक कवचधारी जलचरांस मारक ठरते. शिवाय हे औषध गाळाला चिकटून बसते, आणि कोळंबीचा संचार तळाशीच! डासांच्या अळ्या खाणारी चतुराची पिलेही त्यातच जातात. भातखाचरात तर या गटातील औषधांनी कोळ्यांसारखे मित्रजीव मरून तपकिरी तुडतुडे उलट वाढल्याचे आढळून आले आहे. म्हणजे पैसाही पाण्यातच. शेतकरी बंधूंनी किडीची संख्या मोजल्यावाचून फवारू नये व फवारणीनंतर काही दिवस खाचराचे पाणी बाहेर सोडू नये. ओढ्यावर पंप धुण्याची चाल मात्र गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः उभे राहून बंद पाडावी. धुवण विहिरीपासून दूर, पडीक जागेत ओतता येते.