नांदेतील कुमुदिनी आणि डास

काचीगुड्यातील आमच्या एका स्नेह्यांना गेल्या पावसाळ्यात इमारतीतील मंडळींचे फर्मान आले : गच्चीवरील पाण्याची नांद आठ दिवसांत रिकामी करा, तिच्यात डास होतात. नांदेत होती कुमुदिनी. वाडा जाऊन तेथे सदनिका उभ्या राहिल्या, चौकातला हौद बुजला. त्या हौदातला एक कंद मातोश्रींनी हट्टाने जगविला होता.

डासांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. हैदराबादकरांनी तर ते म्हणूच नये. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी दिसले, ते येथेच, बेगमपेठेस. परंतु अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत डासाला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत पाच-सहा गप्पी मासे नांदेतील अळ्या सहज फस्त करतात. ज्यांनी नांदेकडे बोट दाखविले त्यांचे कूलर मात्र उन्हाळ्यापासून पाण्यानिशी तसेच उभे. त्यांत ना मासा, ना फूल!

तेव्हा नांद अवश्य ठेवावी, पण डोळसपणे. घराण्याचे तांब्याचे घंगाळ काढून त्यात फुले मिरविण्याचा मोह आपल्याकडे फार. तांबे माशांना मानवत नाही. सिमेंटची साधी, दीड हात रुंद व हातभर खोल नांद बरी. तळाशी चिकण माती, वर रेतीचा थर. शेणखत सढळ हाताने घातले की पाणी हिरवे होऊन घाण मारते. ऊन पाच-सहा तास हवेच. आणि कमळाचा आग्रह नको. त्याची पाने पाण्यावर उंच उठतात, कंदांना ऐसपैस जागा लागते. कुमुदिनीचे पान तरंगत राहून पाण्यावर सावली धरते, म्हणून शेवाळही कमी. पांढरी रात्री उमलते ती सकाळी उन्हे चढली की मिटते, निळी दिवसाची. एकेक फूल तीन-चार दिवस उघडमीट करून पाण्याखाली जाते.

आमचे स्नेही इमारतीच्या सभेला दोन पेले घेऊन गेले. एकात नांदेतले पाणी, दुसऱ्यात एका कूलरमधले. दुसऱ्या पेल्यात अळ्या वळवळत होत्या. कूलर कोणाचा, हे त्यांनी सांगितले नाही. नांदेचा निर्णय पुढील सभेवर गेला.