टाळ्या आणि शिदोरी

सन 2024 च्या जानेवारीत कान्हाच्या अरण्याकडे जाताना बैहर येथे आम्ही काही तास थांबलो होतो. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव सातपुड्याच्या उंचवट्यावर, बैगा व गोंड समाजांच्या मुलखात वसलेले आहे. मलाजखंडची तांब्याची खाण याच बाजूला आहे, आणि अरण्याच्या मुक्की दरवाजाकडे जाणारा प्रवासीही इकडूनच जातो. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा, ज्याची राजधानी नागपूर होती अशा जुन्या मध्य प्रदेशात मोडत असे. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मागे राहिला. पण तेथील काही घरांतून मराठी बोली अजून नांदते आहे.

तो दिवस 16 जानेवारीचा होता. बसथांब्याशेजारच्या चहाच्या दुकानात एका मोबाईलवर आठदहा डोकी वाकली होती. सुमित नागल नावाच्या भारतीय खेळाडूने मेलबर्न येथील ऑस्ट्रेलियन खुल्या टेनिस स्पर्धेत कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकला 6-4, 6-2, 7-6 असे सरळ तीन सेटमध्ये हरविले होते. बुब्लिकला स्पर्धेत एकतिसावे मानांकन होते. नागल पहिल्या शंभरांतही नव्हता. सकाळपर्यंत ज्यांना हे नाव ठाऊक नव्हते, ते दुपारी त्याच्या फटक्यांची तारीफ करीत होते. कोणी बुब्लिकची टवाळी करीत होता, कोणी आता नागल अंतिम फेरीत जाणारच अशी पैज लावीत होता. आमच्या शेजारी बसलेले एक निवृत्त मराठी शिक्षक तेवढे गप्प होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "इतका चांगला पोरगा आपल्या देशात होता, तर काल त्याचं नाव आपल्याले कसं ठाऊक नव्हतं जी?"

त्या प्रश्नाला त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. त्यानंतर नागलच्या वाट्याला जे जे आले ते पाहता, तो प्रश्न आज येथे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विजय लहान नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. याच मेलबर्नमध्ये 1989 साली रमेश कृष्णन यांनी स्वीडनच्या मॅट्स विलँडरला 6-3, 6-2, 7-6 असे नमविले होते. विलँडर त्या वेळी जगातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आणि त्या स्पर्धेचा गतविजेता होता. त्यानंतर ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरविणारा भारतीय पाहण्यासाठी देशाला 35 वर्षे वाट पाहावी लागली. एवढ्या दीर्घ उपवासानंतर पारणे फिटले, तर लोकांना आनंदाचे भरते यावे यात अस्वाभाविक काही नाही. आनंद करू नये असे सांगणारे आम्ही कोण? आमचे म्हणणे त्या आनंदाच्या आधीचे आणि नंतरचे आहे.

अनपेक्षित निकाल लागला की प्रेक्षकांचे मन एका ठराविक चाकोरीतून जाते. प्रथम मोठ्याच्या पराभवाची गंमत वाटते. 1987 साली विम्बल्डनला बोरिस बेकर दुसऱ्याच फेरीत गारद झाला. मागील दोन वर्षे तो तेथे विजेता होता, आणि त्या वर्षी त्याला पहिले मानांकन होते. जगभर एवढा हलकल्लोळ माजला की, मी केवळ टेनिसचा एक सामना हरलो आहे, कोणाचा प्राण गेलेला नाही, अशा अर्थाचे उद्गार त्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला काढावे लागले. बेकर हरला हे आजही पुष्कळांच्या स्मरणात आहे. त्याला हरविणारा ऑस्ट्रेलियन पीटर डूहान किती जणांना आठवतो? हरणारा मोठा असला की पराभवाची बातमी होते, आणि जिंकणारा त्या बातमीचे केवळ निमित्त ठरतो. जिंकणारा आपला असेल तर मात्र दुसरी गोष्ट घडते. त्याचा विजय ताबडतोब आपला होतो, आणि त्याच्या मागच्या श्रमांचा हिशेब न विचारता आपण नफ्यात भागीदार होतो.

नागलचा हिशेब काय होता? 2019 साली अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्याने प्रत्यक्ष रॉजर फेडररकडून पहिला सेट 6-4 असा घेतला होता. तेव्हाही एक दिवस टाळ्या वाजल्या आणि विरल्या. मग दुखापती झाल्या, शस्त्रक्रिया झाली, क्रमांक घसरला. 2023 च्या सप्टेंबरमध्ये, वर्षभराचा खर्च भागविल्यावर आपल्या बँक खात्यात जेमतेम 900 युरो उरले आहेत, असे त्याने एका वृत्तसंस्थेला सांगितले. म्हणजे आपल्या ऐंशी-एक्याऐंशी हजार रुपयांच्या आसपास. हा त्या वेळी एकेरीत देशातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. जर्मनीतील ज्या अकादमीत तो सराव करी, तेथे राहण्याचा खर्चही त्या वर्षाच्या प्रारंभी त्याला झेपला नव्हता. ही बातमी छापून आल्यावर काही मदतीचे हात पुढे झाले. पण त्यासाठी देशाच्या अव्वल खेळाडूला आपली रिकामी थैली चारचौघांत उलटी करून दाखवावी लागली.

टेनिसचे अर्थकारण क्रिकेटच्या प्रेक्षकाला चटकन उमगत नाही, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. क्रिकेटपटूला संघ असतो, मंडळ असते, मानधन असते. टेनिसपटू हा स्वतःच्या जोखमीवर गावोगाव फिरणारा व्यापारी आहे. विमानभाडे, हॉटेल, प्रशिक्षक, शरीराची निगा राखणारा तज्ज्ञ, रॅकेटच्या तारा, सारे त्याच्या खिशातून जाते. आठवड्याच्या आरंभीच हरला तर मिळकत जवळजवळ शून्य. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 जण खेळतात. त्यांतील सुमारे 104 जणांना जागतिक क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो, आठ जागा यजमानांच्या मर्जीने वाटल्या जातात, आणि उरलेल्या सोळा जागांसाठी शेकडा-सव्वाशे खेळाडू पात्रता फेरीत झुंजतात. नागल त्या सोळांतून आला. मुख्य स्पर्धेचा पहिला चेंडू मारण्यापूर्वी त्याने तीन सामने जिंकले होते. बुब्लिकला हरवून दुसऱ्या फेरीत पोहोचल्यामुळे त्याला 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे 98 लाख रुपये मिळणार होते. पुढच्या फेरीत चीनच्या शांग जुनचेंगकडून तो हरला. पण त्या एका विजयाने त्याच्या पुढच्या वर्षाची तजवीज झाली. चहाच्या दुकानात पैज लावणाऱ्यांना तो विजय चमत्कार वाटला. नागलच्या दृष्टीने तो पोटाचा प्रश्न होता.

फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो पहिल्या शंभरांत आला आणि जुलैत 68 व्या क्रमांकापर्यंत चढला. पण सप्टेंबर उजाडला आणि वारे फिरले. स्वीडनविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीतून पाठदुखीमुळे त्याने अंग काढून घेतले. भारत 0-4 असा हरला, आणि नागलने वार्षिक 50,000 डॉलर मागितले होते असे राष्ट्रीय संघटनेने जाहीर केले. देशासाठी खेळणे हा आपण बहुमान समजतो, पण व्यावसायिक खेळाडूला मोबदला देण्याची रीत जगभर आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. मागणी योग्य की अयोग्य, रक्कम वाजवी की अवाजवी, याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. संघटनेची बाजूही ऐकली पाहिजे. परंतु जानेवारीत ज्याला देशाचा मानबिंदू म्हटले, त्याच्या देशनिष्ठेची झडती आठ महिन्यांत काही लोक घेऊ लागले, याचा आम्हांस खेद वाटतो. ज्यांनी त्याच्या प्रवासखर्चाला एक पैसा दिला नव्हता, तेच त्याच्याकडे सर्वांत मोठ्या आवाजात जाब मागत होते.

आमच्या वाचकांना रापण सांगावयास नको. किनाऱ्यावर जाळे ओढले जात असता येणाराजाणाराही दोराला हात लावतो, आणि ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो. वाळूत उभा राहून नुसती मौज पाहणाऱ्याला वाटा मागण्याचा अधिकार नसतो, आणि जाळे रिकामे आले तर रापणकरांना बोल लावण्याचा तर नसतोच नसतो. खेळाच्या बाबतीत एवढी साधी नीती आपण का विसरतो?

ती पाळणारेही याच महाराष्ट्रभूमीत होऊन गेले. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे सांगतात. त्या मिरवणुकीला आम्ही भाबडी व्यक्तिपूजा म्हणणार नाही. त्या गाड्यांत बसलेल्या माणसांनी आधी शिदोरी बांधून दिली होती. गुलाल उधळण्याचा अधिकार त्यांनी कमावला होता. देशाची गोष्ट मात्र निराळी. खाशाबा 1984 साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर लागला तो मरणोत्तर. हे वरातीमागून घोडे होते.

खाशाबांनंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला 44 वर्षे थांबावे लागले, आणि ते आणले टेनिसनेच. 1996 साली अटलांटा येथे लिअँडर पेसने कांस्यपदक मिळविले. पेस घराण्याचे मूळ गोमंतकातले, म्हणून आम्हीही त्या दिवशी मान ताठ केली. परंतु त्या पदकाच्या मागेही शिदोरी होती. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक मिळविणारे वडील होते, आणि अमृतराज कुटुंबाने एका उद्योगाच्या साहाय्याने मद्रासला चालविलेली अकादमी होती. कोवळ्या वयातल्या लिअँडरला तेथे निवास आणि शिक्षण मिळाले. अनपेक्षित म्हणून ज्या निकालांचा आपण गौरव करतो, ते अनपेक्षित असतात फक्त न पाहणाऱ्यांना. कोणीतरी दहा वर्षे आधी बी पेरलेले असते.

मग आज काय करावे? पुण्याच्या बालेवाडीत 2018 पासून एटीपीची 250 दर्जाची स्पर्धा भरत असे. 2023 च्या जानेवारीनंतर तीही हातची गेली. त्या दर्जाची देशातील ती एकमेव स्पर्धा होती. अशा स्पर्धा घरच्या अंगणात असल्या की आपल्या तरुणांना परदेशी विमानाचे तिकीट न काढता गुण मिळविता येतात. म्हणून चॅलेंजर आणि त्याखालच्या दर्जाच्या स्पर्धा अधिक भराव्यात, हे पहिले. दुसरे, 2023 साली 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्याने भरविल्या. त्यासाठी सज्ज केलेली क्रीडांगणे गावच्या मुलामुलींना परवडेल अशा शुल्कात रोज खुली असली पाहिजेत. कुलूप लावलेल्या मैदानातून खेळाडू निपजत नाही. तिसरे काम आम्हा वृत्तपत्रवाल्यांचे आहे, आणि येथे आम्ही स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. जिल्हा पातळीवरच्या सामन्याला आम्ही दोन ओळी देतो आणि क्रिकेटच्या अफवेला दोन स्तंभ. काल नाव ठाऊक नसण्यात आमचाही वाटा आहे.

चौथे काम वाचकांचे. आपल्या तालुक्यात स्पर्धा असेल तेव्हा एक संध्याकाळ तेथे जाऊन बसावे. रिकाम्या बाकांपुढे खेळणाऱ्या पोराला दहा माणसांच्या टाळ्याही बळ देतात, आणि त्या टाळ्या विजयानंतरच्या हजारोंपेक्षा मोलाच्या असतात.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. 2025 च्या सप्टेंबरात भारताने स्वित्झर्लंडमधील बील येथे डेव्हिस चषकात यजमानांवर 3-1 अशी मात केली. 1993 साली लिअँडर आणि रमेश कृष्णन यांनी फ्रान्सला फ्रान्समध्ये हरविले, त्यानंतर युरोपच्या भूमीवर युरोपीय संघाविरुद्ध मिळालेला हा पहिलाच विजय. त्यात दक्षिणेश्वर सुरेश या नवोदिताचा वाटा मोठा होता. आणि एकेरीचे दोन्ही सामने जिंकून अखेरचा गुण मिळविणारा खेळाडू होता तोच सुमित नागल. वर्षापूर्वी ज्यांनी त्याला दूषणे दिली, त्यांतील किती जणांनी आपले शब्द मागे घेतले ते आम्ही पाहिले नाही.

बैहरच्या त्या वृद्ध शिक्षकांना आता आम्ही उत्तर देऊ शकतो. गुरुजी, काल ते नाव आपल्याला ठाऊक नव्हते, कारण काल तो हरत होता, आणि हरणाऱ्याचा सामना पाहायला आपण कोणी गेलो नव्हतो. असाच एखादा पोरगा आजही या देशाच्या एखाद्या गावात भिंतीवर चेंडू मारीत असेल. त्याच्या विजयाची बातमी येईल तेव्हा येवो. त्याची शिदोरी बांधण्याची वेळ आजची आहे.