डोंगर कुणाच्या सातबाऱ्यावर?



मी गोदीतला माणूस. दहावी पास, कंत्राटी. जहाजाच्या पोटातून स्टीलच्या कॉइली निघतात. त्यांना सिलिंग लावायचं, बाजूला सरकायचं, जीव वाचवायचा. उरलेल्या वेळात कविता. कॉइलवर वजन छापलेलं असतं, कंपनीचा शिक्का असतो. कुठला डोंगर फोडून हे लोखंड निघालं ते छापलेलं नसतं.

परवा पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर सुरजागडचा विषय निघाला. टोळीतला एक म्हणाला, "आयला, खाण आली तर पोरांना काम मिळंल. विरोध कशाला करतात ही माणसं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देतोय.

माझं गाव पोहरादेवीच्या अंगाला, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. पोहरादेवी म्हणजे बंजाऱ्यांची काशी. सेवालाल महाराजांची समाधी, रामनवमीची यात्रा. तांड्याच्या शेजारी आमचा बौद्धपुरा. मागं मुरमाड टेकाडं. सरकारी कागदावर ही ई-क्लास जमीन, म्हणजे तुम्ही ज्याला गायरान म्हणता ते. माझ्या आज्यानं त्यातलं दोन एकर दगडं वेचून वहितीखाली आणलं. त्याची हाडं तिथं झिजली, पण सातबाऱ्यावर नाव नाही. बापाला अधूनमधून एका कचेरीतून नोटीस येते : अतिक्रमण.

आमच्या टेकाडावर आज खदान नाही. पण उद्या कुणी कंत्राटदार नकाशा घेऊन आलाच, तर आमच्या हातात काय आहे, हे मी शोधत बसलो. जे सापडलं ते सांगतो.

दगड, मुरूम, खडी हे गौण खनिज. मालक सरकार. पट्टा द्यायचा की नाही, सही कलेक्टरची. २०२१ साली सरकारनं स्वामित्वधन ठरवलं ब्रासमागं ६०० रुपये. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शंभर घनफूट डोंगर, सहाशे रुपये! छोट्या खदानीलाही पर्यावरणाची मंजुरी लागते असं सुप्रीम कोर्टानं २०१२ साली सांगितलं. पण पाच हेक्टरच्या आतली एकटी खदान असली तर सहसा जनसुनावणी होत नाही. मग पट्टा मागणारा सहा हेक्टर कशाला मागंल?

आता पाण्याचं बघा. आमच्याकडं खाली काळा पाषाण. त्यात पाणी फक्त भेगांत. पावसाचं पाणी धरून ठेवतो तो वरचा मुरूम, तो झिरपवत झिरपवत विहिरीला देतो. मुरूम उचलला की विहीर उचलली. मग सुरुंगानं घराच्या भिंती तडकतात ते वेगळं, कपाशीवर धूळ बसते ते वेगळं. माझी आई शाळेत गेली नाही. ती फोनवर एवढंच म्हणाली, "टेकाड गेलं तं पाणी जाईन. पाणी गेलं तं आपून जाऊ." अहवाल याच्यापेक्षा जास्त काय सांगणार?

टोळीवाला म्हणंल, कायदा आहे ना. आहे. पाचव्या अनुसूचीच्या आदिवासी मुलखात १९९६ चा पेसा आहे. तिथं गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. पण वाशिम अनुसूचित क्षेत्रात नाही. आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत मोडतो, अनुसूचित जमातीत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून भटक्यांना गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो शिक्का पुसला, नाव दिलं विमुक्त. विमुक्त कशातून? पोहरादेवीत २०२४ साली बंजारा संस्कृतीचं देखणं संग्रहालय उघडलं. चांगलं झालं. पण काचेत ठेवलेल्या तांड्याला जेवढा मान, तेवढा जित्या तांड्याच्या ठरावाला मिळतो का, एवढंच विचारतो.

आणि कायदा असलेल्या मुलखात तरी काय झालं? सुरजागड, तालुका एटापल्ली. माडियांच्या ठाकूरदेवाचा डोंगर. २००७ साली ३४८ हेक्टरचा पट्टा दिला गेला. पाचवी अनुसूची हजर, पेसा हजर, २००६ चा वनहक्क कायदा हजर. विरोध झाला, मोर्चे निघाले, तरी खाण चालू. २०२२ च्या ऑक्टोबरात वाढीव खोदाईची जनसुनावणी घेतली ती डोंगराच्या पायथ्याशी नाही, शंभर किलोमीटरहून लांब गडचिरोलीला. नव्या खाणींविरुद्ध २०२३ च्या मार्चात तोडगट्ट्याला माणसं ठाण मांडून बसली. नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन उठवलं. काही पोरांना खाणीत काम मिळालं, खोटं कशाला बोलू? पण पोटाला काम देताना डोंगर गहाण टाकायची अट कुणी घातली? पोरांनी तर नाही.

उलटंही घडलंय. ओडिशात नियमगिरीला सुप्रीम कोर्टानं २०१३ साली ग्रामसभांना विचारायला लावलं. बारा ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या, आणि तिथली खाण अडली. म्हणजे विचारलं तर माणसं उत्तर देतात. म्हणूनच विचारत नाहीत.

आता आपल्या घरातली गोष्ट. गावात खदानीला विरोध उभा राहिला की पुढं कोण असतं? बहुतेक वेळा बागायतदार. काल आमची ज्वारी उपटणारा आज "आपला डोंगर" म्हणतो. त्याच्यासोबत बसायचं का? मी म्हणतो, बसायचं. पण अटीवर. खदानीविरुद्धच्या ठरावाच्या पहिल्या ओळीत गायरान कसणाऱ्यांची नावं पाहिजेत. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करायची, हा सरकारचाच १९९१ चा निर्णय. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, फाईल मात्र धूळ खातेय. २०२२ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर राज्यात गायरानावरची अतिक्रमणं मोजली, ती दोन लाखांवर भरली. आमचा नांगर चालला तर अतिक्रमण, पोकलेन चालला तर पट्टा! दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच जमिनीसाठी. लोक पोराबाळांसह जेलात गेले. ती लढाई संपलेली नाही, फक्त समोरचा बदललाय. तेव्हा समोर तलाठी होता, आता त्याच्यामागं डंपर उभा आहे.

आणि एक. दगड फोडणारा वडार आपला दुश्मन नव्हे. त्याला विचारा, खदानीत त्याला काय मिळालं. दगड त्यानं फोडला, बंगला दुसऱ्याचा झाला. खदान अडवताना त्याच्या रोजीचं काय, हे ज्या ठरावात नाही तो ठराव अर्धा. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे कोण हे लिहून ठेवलंय : अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया. आपण शहरात ती व्याख्या पाठ केली, आणि गावी गेल्यावर तांड्यावर पाणीसुद्धा प्यालो नाही.

कवी दोस्तांनो, आपण कवितेत दगड लई वापरला. आता सुट्टीत गावी जा. ई-क्लासचा नकाशा काढा, गट नंबर लिहा, कोण किती वर्षं कसतंय त्याची यादी करा, ग्रामसभेच्या वहीत नोंद करून घ्या. हे काम कवितेपेक्षा कंटाळवाणं आहे. मी या रामनवमीला जातोय. यादीत पहिलं नाव माझ्या आज्याचं घालणार, दुसरं शेजारच्या तांड्यातल्या म्हातारीचं.

टोळीवाल्याला हे वाचून दाखवणार आहे. तोही कुठल्या तरी टेकाडाखालूनच आलाय.